डोकावमावशी

आमच्या पोहण्याच्या क्लबात गाड्या राखायला एक बाई होती. सभासद तिला तोंडावर मावशी म्हणायचे आणि पाठीमागे डोकावमावशी, कारण ती प्रत्येक गाडीच्या काचेला कपाळ टेकवून, दोन्ही हातांनी उजेड अडवून आत डोकावायची. मी तेव्हा तिकिटांच्या खिडकीवर बसायचो आणि माझी खिडकी नेमकी पार्किंगच्या समोर. त्यामुळे जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. घरातलं तिनं नंतर सांगितलं, आणि काही हातचं राखून सांगणारी ती नव्हती.

बाई पन्नाशीची, अंगानं काटक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्याआधी वीस वर्षं एका कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासायची. उसवलेली शिवण, सुटलेलं बटण, उलटा लागलेला खिसा हुडकायचा आणि तो नग बाजूला फेकायचा, हे काम. कारखाना बंद पडला, ती इथं आली, पण नजर तीच राहिली. फरक एवढाच, की कारखान्यात खराब माल बाजूला फेकता यायचा. इथं तो खांद्यावर टॉवेल टाकून समोरून चालत यायचा आणि म्हणायचा, "मावशी, गाडीकडे लक्ष असू द्या हं."

आता पोहायला येणारा माणूस खिशात काही घेऊन पाण्यात उतरू शकत नाही, हे खरं. पण म्हणून आत लॉकर होते. सभासदांचं म्हणणं, लॉकरला बुरशीचा वास येतो. बुरशीचा वास लागू नये म्हणून ही शिकलीसवरलेली माणसं लॅपटॉप मागच्या सीटवर टाकायची, पर्सवर जाकीट पांघरायची आणि पर्सचा पट्टा बाहेर लोंबत ठेवायची. एका डॉक्टरीणबाईंची अंगठी कप ठेवायच्या खळग्यात. एका वकिलाच्या घराच्या किल्ल्या पुढच्या काचेपाशी, आणि किल्ल्यांना घराचा पत्ता लिहिलेली पट्टी. म्हणजे चोराला विचारत बसायला नको.

मावशी दर अर्ध्या तासानं फेरी मारायची आणि दिसेल त्याची चिठ्ठी लिहून वायपरखाली खोचायची. "मागच्या सीटवर लॅपटॉप दिसतो." "फोन चार्जिंगला लावलेला दिसतो." आणि एका मोटारीला तर रोज एकच चिठ्ठी: "सामान डिकीत टाकायचं तर घरूनच टाकून निघा. इथं चार माणसांदेखत डिकी उघडून दाखवू नका." पोहून आलेली मंडळी चिठ्ठी वाचायची, चुरगाळायची आणि तिथंच टाकायची. मावशी ती उचलायची. एकदा मी तिला विचारलं, "वाचत नाहीत तर लिहिता कशाला?"

"वाचतात रे," ती म्हणाली. "वाचल्याशिवाय एवढं तोंड वाकडं होत नाही."

तिचा नवरा अठ्ठावीस वर्षं टॅक्सी चालवायचा. डोळे अधू झाले, परवाना गेला, आणि तो घरी स्वयंपाक करू लागला. दोन खोल्यांचं घर. ती पायातल्या चपला काढते न काढते तोच तो विचारायचा, "काय, आज प्रदर्शनात काय मांडलं होतं?" मग ती एकेक गाडी सांगायची आणि तो ओळखायचा, मालक काय करत असेल. वकिलाचं त्यानं पहिल्याच फटक्यात ओळखलं होतं. "घराचा पत्ता असा उघड्यावर टाकतो म्हणजे दुसऱ्यांना सावध राहायला शिकवणाराच असणार." दोघं हसून हसून बेजार व्हायची. लोकांची कीव करायला पैसे पडत नाहीत, आणि या घरात ती पोटभर केली जायची.

सगळ्या क्लबात एकच माणूस तिच्या तावडीतून सुटला होता. पांढऱ्या गाडीवाले साहेब. फरशांचं मोठं दुकान, कायम इस्त्रीचे कपडे, गाडीत कधी कागदाचा कपटासुद्धा नाही. सीटा स्वच्छ, खळगे रिकामे. भिंतीलगतच्या कोपऱ्यात गाडी लावायचे, बराच वेळ आत बसून फोनवर बोलायचे, मग टॉवेल घेऊन उतरायचे. आणि तिला मावशी नाही, ताई म्हणायचे. "नमस्कार ताई. चहा झाला का? फेरी झाली की अजून व्हायची आहे?" ती सांगायची. घरी नवऱ्याला म्हणाली होती, "सगळ्या नगांत एकच नग पास आहे बघा."

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर चोऱ्या सुरू झाल्या. महिन्याभरात चार. एक लॅपटॉप, दोन पाकिटं आणि डॉक्टरीणबाईंची अंगठी. काच फुटलेली नाही, दाराला ओरखडा नाही. मालक शपथेवर सांगायचे, गाडी बंद केली होती.

"बंद केली होती तर गेलं कसं?" मावशी म्हणायची. "सामानाला पाय फुटले?"

समितीची बैठक झाली. आमचे सेक्रेटरी म्हणजे स्वतःच्या आवाजावर प्रेम असलेले गृहस्थ. साधं "बसा" म्हणायचं तरी प्रस्तावना करायचे. तीन तासांच्या चर्चेनंतर ठराव झाला, की फलक लावावा. फलक लागला: "आपल्या वस्तूंची जबाबदारी आपली." कॅमेरे होते, दोन. एकाची तार कधी जोडलीच नव्हती. दुसरा फुलांच्या वाफ्याकडे तोंड करून होता, कारण पूर्वी कुणीतरी गुलाबाची रोपं उपटून नेली होती आणि तेव्हा समितीला फार लागलं होतं. तो कॅमेरा वळवायला बैठकीत कुणाला सुचलं नाही.

पाचवी चोरी सर्व्हेअरकाकांची. हे काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले, कानांनी जवळजवळ बहिरे. कानातली यंत्रं पाण्यात चालत नाहीत म्हणून गाडीतच काढायचे, डबीत ठेवायचे, डबी पुढच्या कप्प्यात बंद करायचे, आणि चालता चालता हात खांद्यावरून मागं करून रिमोटचं बटण दाबायचे. त्या दिवशी परत आले तर कप्पा उघडा आणि डबी गायब.

मावशी तिथंच होती, आणि महिनाभराचा सगळा राग तिनं त्यांच्यावर काढला. "गाडी उघडी टाकून जाता आणि मग शोधत बसता! या वयात आठवत नसेल तर घरच्यांना घेऊन येत जा बरोबर."

काका ओल्या केसांनी उभे, तिच्या ओठांकडे बघत. मग गरजेपेक्षा खूप मोठ्यानं म्हणाले, "मी बटण दाबलं होतं."

"दाबलं असेल, स्वप्नात," मावशी म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, पण तोंड त्यांच्या बाजूलाच होतं. त्यांनी वाचलं. गाडीत बसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी तिला कचेरीत बोलावलं. मलाही बोलावलं, कागद-पेन घेऊन.

"मावशी," ते म्हणाले, "कुणावर आरोप करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु कुठल्या गाडीत कुठं काय ठेवलंय, हे रोज काचेला डोकं लावून कोण बघतं?"

"मी."

"तेच म्हणतोय मी."

"तेच म्हणत असाल तर सरळ म्हणा. चोर म्हणायला एवढा वळसा कशाला?"

सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि मला मजकूर सांगायला लागले. सभासदांच्या खासगीपणाचा मान राखून यापुढे गाडीच्या चार पावलांच्या आत जाणार नाही, चिठ्ठ्या लावणार नाही, नियम मोडल्यास जबाबदारी माझी, कामावरून काढण्यास हरकत नाही. मी लिहिलं. ती बाई एवढंसुद्धा उचलणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं, वळणदार अक्षरात. तिनं चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "जबाबदारीतली शेवटची वेलांटी चुकलीय. दीर्घ असते."

त्या संध्याकाळी घरी प्रदर्शन झालं नाही. तिनं सगळं सांगितलं तेव्हा नवऱ्यानं ताट बाजूला सारलं आणि एवढंच विचारलं, "काकांनी बटण दाबलेलं तू पाहिलंस?"

"पाहिलं ना. हात असा मागं केला होता."

"मग दिवे लुकलुकले?"

"कसले दिवे?"

"अगं, कुलूप लागलं की गाडीचे दिवे लुकलुकतात. आणि खट्ट आवाज होतो."

हात वर गेलेला तिला स्वच्छ आठवत होता. अंगठा दाबलेला आठवत होता. दिवे लागल्याचं काही केल्या आठवेना. आणि खट्ट झालं की नाही, हे काकांना कळणार तरी कसं? त्यांचे कान डबीत होते.

"म्हणजे मी त्या माणसाला उगाच..."

"हो," नवरा म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून काही गोडगोड बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. मग त्यानं टॅक्सीच्या अड्ड्यावर ऐकलेलं सांगितलं. मुठीत मावेल एवढं एक यंत्र असतं. ते चालू ठेवलं की आसपासच्या गाड्यांना रिमोटचा निरोप पोचतच नाही. मालक बटण दाबून निघून जातो, मागं वळून बघत नाही, आणि गाडी उघडीच राहते. काच फोडायला नको, कुलूप मोडायला नको.

"पण ते यंत्रवालं माणूस जवळच लागेल," तो म्हणाला. "आणि रोज दिसतं म्हणून तुला दिसत नसेल."

दुसऱ्या दिवसापासून मावशी फाटकाजवळच्या खुर्चीत बसून राहिली. चार पावलं सोडाच, चाळीस पावलांवर. सभासद खूश झाले. डोकावमावशीची चांगली जिरली म्हणून दोघातिघांनी मला डोळा मारला. ती फक्त दिवे बघत होती आणि एका वहीत टिपून ठेवत होती. कोण आलं, कुणी बटण दाबलं, कुणाचे दिवे लुकलुकले. लुकलुकले नाहीत तर ती बसल्या जागेवरून ओरडायची, "साहेब, दार ओढून बघा!" बहुतेक जण हात हलवून पुढं जायचे. अशी माणसं. स्वतःच्या गाडीचं दार ओढायला त्यांना कमीपणा वाटायचा.

दोन आठवड्यांत तिच्या वहीत चित्र उमटलं. काही दिवस सगळ्यांचे दिवे लागायचे. काही दिवस भिंतीकडच्या रांगेतल्या एकाचेही लागायचे नाहीत. आणि त्या दिवशी, दर वेळी, कोपऱ्यात पांढरी गाडी उभी असायची.

मला तिनं नंतर सांगितलं, की चोराचा राग यायच्या आधी तिला स्वतःचाच आला. चोऱ्या फेरीच्या वेळा साधून कशा व्हायच्या, याचं उत्तर तिच्याच तोंडून रोज जात होतं. फेरी झाली का ताई, व्हायची आहे का ताई. दोन गोड शब्दांवर ती भुलली होती. वीस वर्षं माल तपासणारी बाई, आणि वरची इस्त्री बघून तिनं नग पास केला होता.

ती सेक्रेटरींकडे गेली. ते हसले. "अहो, ते कोण आहेत कल्पना आहे का तुम्हाला? तलावाच्या फरशा त्यांनी स्वखर्चानं बसवून दिल्या आहेत."

"म्हणूनच निघतायत," मावशी म्हणाली आणि बाहेर आली.

शनिवारी तिनं नियम मोडला. सर्व्हेअरकाका यंत्रांशिवायच पोहायला येत होते. त्यांच्या गाडीजवळ जाऊन तिनं वायपरखाली चिठ्ठी खोचली. "तुम्ही बटण दाबलं होतं. चूक माझी, बोलले त्याची माफी मागते. उद्या सकाळी गर्दीच्या वेळी या, कामही आहे." काकांनी ती चिठ्ठी वाचली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या पार्किंगमध्ये चिठ्ठी न चुरगाळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

रविवारी सकाळी पार्किंग खच्चून भरलं होतं. पांढरी गाडी कोपऱ्यात, साहेब आत बसून फोनवर. मावशीनं फाटकाची साखळी ओढून कुलूप घातलं, किल्ली मुठीत घेतली आणि सरळ भिंतीकडच्या रांगेत जाऊन उभी राहिली. वकील नुकताच उतरला होता. त्यानं बटण दाबलं.

"थांबा. दार ओढा."

"मावशी, मला उशीर..."

"ओढा म्हणते ना."

त्यानं ओढलं. दार उघडलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. मागून डॉक्टरीणबाई आल्या, त्यांचंही तेच. काकांचंही तेच. आरडाओरडा ऐकून पोहणारी मंडळी ओल्या अंगानं, टॉवेल गुंडाळून बाहेर आली. सेक्रेटरी आले. मीही खिडकी बंद करून गेलो.

मावशीनं पांढऱ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"नमस्कार ताई. काय गडबड आहे?"

"काही नाही, साहेब. तुमच्याजवळ काय चालू आहे ते जरा बंद करता का? म्हणजे या लोकांची कुलपं लागतील."

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," ते म्हणाले, काच वर केली आणि गाडी सुरू केली. गाडी फाटकापर्यंत गेली आणि साखळीपाशी थांबली. आणि इकडे वकिलानं सवयीनं अंगठा दाबला तर त्याच्या गाडीचे दिवे लुकलुकले. खट्ट. सगळ्यांनी ऐकलं. काका सोडून, पण त्यांनी दिवे पाहिले.

सेक्रेटरी धावत मावशीकडे आले. "किल्ली द्या. तमाशा नको. आपला माणूस आहे तो."

"तुमचा असेल," मावशी म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे."

काका चालत गेले आणि पांढऱ्या गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले, म्हणजे मागंही घेता येऊ नये. साहेबांनी हॉर्न वाजवला. काकांवर हॉर्नचा काय परिणाम होणार! टॉवेल घट्ट धरून ते पोलीस येईपर्यंत तसेच उभे होते. पोलिसांना बोलावलं मी. सेक्रेटरींच्या देखत फोन केला. आयुष्यात तेवढं एक काम मी धडपणे केलंय.

यंत्र साहेबांच्या टॉवेलच्या घडीत निघालं. दुकानाच्या गोदामात लॅपटॉप सापडला, इतरही बरंच सापडलं. गरज म्हणाल तर कसलीच नव्हती. पोलिसांना त्यानं सांगितलं, लोक इतके बेफिकीर असतात की बघवत नाही, त्यांना धडा मिळावा असं वाटायचं. काकांची डबी मात्र मिळाली नाही. त्याला ते गाणी ऐकायचे कानातले वाटले होते, चालेनात म्हणून गटारात फेकले, म्हणाला.

पुढचं ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. समितीची बैठक झाली. क्लबाची बदनामी नको, घरचा मामला आहे, त्याची मुलंही इथंच पोहायला येतात, असं ठरलं, आणि ज्यांना वस्तू परत मिळाल्या त्या सगळ्यांनी तक्रारी मागं घेतल्या. वकिलानंच कागद तयार करून दिले. एकटे सर्व्हेअरकाका अडून बसले. सेक्रेटरी त्यांच्या घरी समजूत घालायला गेले तेव्हा काका शेवटपर्यंत म्हणत राहिले, "ऐकू येत नाही." त्यांच्या एकट्याच्या तक्रारीवर खटला चालला, मावशीनं साक्ष दिली, आणि त्या माणसाला काही महिने तुरुंगात काढावे लागले. क्लबातल्या पुष्कळांना त्याचंच वाईट वाटलं. एवढा सभ्य माणूस, म्हणायचे.

मावशीचा सत्कार करायचं ठरलं. भिंतीवरचं घड्याळ आणि प्रशस्तिपत्र. ती म्हणाली, "त्यापेक्षा लॉकर धुऊन घ्या." लॉकर धुतले, रंगवले. ते आजही रिकामेच असतात.

मी एकदा तिच्याकडे गेलो, तिची सही घेतलेल्या त्या कागदाबद्दल बोलायला. म्हणालो, माझा नाइलाज होता, मी लिहिलं नसतं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. तिनं चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कारखान्यात कापड बघायची तसं.

"मग दुसऱ्यालाच लिहू द्यायचं होतंस," ती म्हणाली आणि फेरीला निघून गेली.

काका आता रविवारी दुपारी तिच्या घरी जातात. नवी यंत्रं आलीत त्यांची. तिच्या नवऱ्याला नीट दिसत नाही, काकांना यंत्र असूनही अर्धं ऐकू येत नाही. मावशी पाहिलेलं सांगते, आणि तिघं मिळून अख्ख्या क्लबाची सालं काढत बसतात. शेजारच्यांना हसण्याचा त्रास होतो म्हणे. मला अजून बोलावणं आलेलं नाही.